ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचे अंतर ९५७ किलोमीटर की ९६१, आणि वेळ नेमका किती धरावा?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझी भाची ध्रुवीय हवामानावर संशोधन करते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ओलेसुंड या वस्तीत, म्हणजे जिथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे तिथे, जाणार आहे. मुंबईहून ऑस्लो, तिथून नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रोम्सो, तिथून स्वालबार्डमधील लाँगइयरब्येन आणि शेवटी एका छोट्या विमानाने नी-ओलेसुंड, असा तिचा मार्ग आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, मला रोज काही ना काही विचारते आणि मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे हिशोब जुळल्याशिवाय मला उत्तर देववत नाही.

ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन हे अंतर एक संकेतस्थळ ९५७ किलोमीटर दाखवते, तर दुसरे ९६१. दोन्ही ठिकाणी विमानतळ तेच आहेत. भ्रमणध्वनीवरील नकाशात पाहिले तर हा टप्पा मुंबई-चेन्नईच्या तिपटीहून लांब दिसतो, पण मुंबई-चेन्नई हवाई अंतर सुमारे १,०३० किलोमीटर आहे, मग तो त्याहून कमी कसा भरतो? विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला तर एक तास दहा मिनिटे पुरायला हवीत, परंतु तिकिटावर एक तास चाळीस मिनिटे छापली आहेत. हा अर्धा तास जातो कुठे? आणि ज्यावर खरी चिंता आहे ते असे की, लाँगइयरब्येनला उतरल्यावर त्याच दिवशी दुपारी पुढचे छोटे विमान घ्यावे, असे भाचीच्या मनात आहे. ते शहाणपणाचे आहे का?

प्रतिसाद : अक्षवृत्त

आपले चार किलोमीटर हरवलेले नाहीत, ते पृथ्वीच्या आकारात आहेत. मी भूमापन शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचा पहिला भाग माझ्या वाट्याचा समजून थोडे सविस्तर लिहितो.

ट्रोम्सो विमानतळ साधारण ६९ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि लाँगइयरब्येन ७८ अंश १५ मिनिटांवर. दोहोंच्या रेखांशांत केवळ साडेतीन अंशांचा फरक आहे, म्हणजे हा प्रवास जवळजवळ सरळ उत्तरेकडचा आहे. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा निर्दोष गोल आहे असे मानून गणित केले की ९५७ ते ९५८ किलोमीटर येतात. पण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. चपट्या भागात पृष्ठभागाची वक्रता कमी असते, त्यामुळे अक्षांशाचा एक अंश ओलांडायला तिथे थोडे जास्त चालावे लागते: विषुववृत्तापाशी एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा, तर ध्रुवापाशी सुमारे १११.७ किलोमीटरचा असतो. हा फरक साडेआठ अंशांवर साचत गेला की उत्तर ९६१ च्या आसपास येते. म्हणजे पहिल्या संकेतस्थळाने गोल वापरला आहे आणि दुसऱ्याने लंबगोलाभ, म्हणजे असा ध्रुवांपाशी चपटा आकार. दुसरा आकडा अधिक खरा आहे, परंतु वैमानिकाच्या दृष्टीने या फरकाला काही महत्त्व नाही, कारण तो पंधरा-वीस सेकंदांत संपतो.

नकाशाचे म्हणाल तर आपल्या भ्रमणध्वनीवर दिसतो तो मर्केटर पद्धतीचा नकाशा. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटर यांनी तो जहाजांसाठी तयार केला आणि त्यात दिशा अचूक राहावी म्हणून अंतरांचा बळी दिला. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके सर्व काही ताणले जाते. ट्रोम्सोच्या अक्षांशावर हा ताण जवळजवळ तिप्पट असतो आणि लाँगइयरब्येनला जवळजवळ पाचपट. या टप्प्यापुरती सरासरी काढली तर ती ३.७ पट येते. मुंबई-चेन्नई भागात हा ताण जेमतेम चार टक्के असतो. म्हणून पट्टीने मोजले की हा टप्पा साडेतीन हजार किलोमीटरांचा वाटतो. आपल्या पट्टीत दोष नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून पाहावा, बहिणीलाही लगेच पटेल.

आणखी एक गंमत सांगतो. सर्वांत जवळच्या मार्गाने जाणारे विमान ट्रोम्सोहून निघताना उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे पाच अंशांवर तोंड करते आणि लाँगइयरब्येनला पोहोचताना तोच कोन आठ अंशांचा झालेला असतो. विमान वळत नाही, रेखावृत्तेच ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात.

प्रतिसाद : धावपट्टी

मी बरीच वर्षे मुंबईत उड्डाणांची आखणी करण्याचे काम केले आहे. तिकिटावरील वेळ ही आकाशातील वेळ नसते. विमान फाटकापासून हलते तेव्हा ती सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला फाटकावर थांबते तेव्हा संपते. आमच्या भाषेत तिला ब्लॉक टाइम म्हणतात.

हिशोब असा मांडता येईल. या मार्गावर साधारणपणे बोइंग ७३७ च्या आकाराची विमाने असतात. चढण्यात वीसेक मिनिटे जातात आणि त्यात सुमारे २०० किलोमीटर कापले जातात, कारण चढताना वेग कमी असतो. उतरण्यातही तेवढेच अंतर आणि थोडा अधिक वेळ जातो. मधले साडेपाचशे किलोमीटर तेवढे ताशी ८३० च्या वेगाने होतात, त्याला चाळीस मिनिटे. म्हणजे हवेतच एक तास वीस मिनिटे झाली. त्यात दोन्हीकडचे जमिनीवरील सरकणे मिळवा आणि फेब्रुवारीत पंखांवर साचलेला बर्फ गरम द्रवाच्या फवाऱ्याने उतरवण्यासाठी लागणारी मिनिटे मिळवा. दीड तासाच्या पुढे आपण सहज जातो.

शिवाय ९५७ असो वा ९६१, ते अंतर विमान प्रत्यक्षात कधीच उडत नाही. ट्रोम्सोची धावपट्टी जवळजवळ दक्षिणोत्तर आहे. वारा दक्षिणेकडून असेल तर विमान आधी दक्षिणेकडे उडते आणि मग वळून उत्तरेला लागते. लाँगइयरब्येनची धावपट्टी मात्र साधारण पूर्व-पश्चिम, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचा फाटा अशी आहे, त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला स्पिट्सबर्गन या तिथल्या मुख्य बेटाचे डोंगर ओलांडून एक तर पश्चिमेकडील इसफ्योर्ड या समुद्राच्या फाट्याच्या बाजूने किंवा पूर्वेकडील अ‍ॅडव्हेंट दरीच्या बाजूने वळून यावे लागते. तिथे घाई करता येत नाही. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून आलेले एक तुपोलेव्ह-१५४ विमान याच दरीजवळच्या ओपेरा डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व १४१ जण मृत्युमुखी पडले. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. उतरण्याची पद्धत इतकी सावध आणि लांबलचक का असते, ते त्यावरून कळावे.

ट्रोम्सोला विमान बदलण्यासाठी एक तास पुरेसा आहे, विमानतळ लहानच आहे.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दोरा आणि पृथ्वीगोलाचा प्रयोग केला आणि बहिणीचे समाधान झाले. एक उपप्रश्न आहे. मुंबईहून युरोपला जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळांत मोठा फरक असतो, तसा तो इथेही पडतो का? आणि समजा लाँगइयरब्येनला धुके असले, तर विमान कुठे उतरते?

प्रतिसाद : धावपट्टी

फरक अगदी थोडा पडतो. उंचावरचे जोरदार वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हा मार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे ते समोरून किंवा पाठीमागून न येता बाजूने लागतात. अर्थात एखाद्या दिवशी वादळाच्या चक्रामुळे समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा लागू शकतो. संपूर्ण ९६० किलोमीटरांवर तो धरला तरी दहा मिनिटांचा उशीर होतो, त्याहून अधिक नाही. थंडीचाही किंचित परिणाम असतो. जेट विमान ध्वनीच्या वेगाच्या ठरावीक प्रमाणात, समजा ०.७८ पट, उडवले जाते आणि हवा जितकी थंड तितका ध्वनीचा वेग कमी. बाहेर उणे ५६ अंश असताना हा वेग ताशी ८२९ किलोमीटर भरतो, तर उणे ६५ ला ८१२ च्या आसपास. आर्क्टिकच्या हिवाळ्यात असे तापमान असतेच. तिकिटावरील आकड्यात हे सर्व आधीच गृहीत धरलेले असते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाटेत ब्योर्नोया नावाचे एक बेट लागते, पण तिथे हवामान केंद्र आहे, मोठ्या विमानाची धावपट्टी नाही. स्वालबार्डमध्ये लाँगइयरब्येनखेरीज दुसरीकडे प्रवासी जेट उतरू शकत नाही, कारण नी-ओलेसुंडची धावपट्टी जेमतेम आठशे मीटरची आणि खडीची आहे. त्यामुळे उतरणे जमले नाही तर विमान मुख्य भूमीवर परत येते, आणि निघतानाच तेवढे इंधन भरून घेतलेले असते. प्रवासाचे, परतीचे, आकस्मिक गरजेचे आणि त्याखेरीज अर्धा तास घिरट्या घालण्याचे शेवटचे राखीव, अशी त्याची बेरीज असते. म्हणून एक तास चाळीस मिनिटांचा प्रवास वाईट दिवशी साडेतीन तासांचा होऊन पुन्हा ट्रोम्सोलाच संपू शकतो.

प्रतिसाद : उत्तरेचा वारा

मी गेली काही वर्षे ट्रोम्सोमध्ये राहतो. धावपट्टी यांचे बाकी सर्व म्हणणे मान्य आहे, परंतु बदलासाठी एक तास पुरेल हे मला मान्य नाही.

स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे, तरी ते शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपसातील सीमांवर पारपत्र न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. त्यामुळे ट्रोम्सोहून लाँगइयरब्येनला जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे, आणि त्यासाठी पारपत्राची तपासणी ट्रोम्सोलाच होते. ऑस्लोहून निघालेले तेच विमान पुढे लाँगइयरब्येनला जाणार असले तरी प्रवाशांना हातातील सामान घेऊन खाली उतरावे लागते, तपासणीच्या रांगेतून जावे लागते आणि पुन्हा त्याच विमानात, बहुधा त्याच आसनावर, येऊन बसावे लागते. युरोपीय पारपत्रांचे काम भराभर उरकते, भारतीय पारपत्र पाहायला अधिकारी अधिक वेळ घेतो. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर विमान चुकले तरी पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर किमान अडीच तास ठेवावेत, आणि हिवाळ्यात त्याहूनही अधिक.

याच कारणामुळे व्हिसाही नीट तपासावा. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे जायला व्हिसा लागत नाही, आणि हे अर्धे सत्य वाचून अनेक जण फसतात. तिथे पोहोचण्यासाठी नॉर्वेतून जावे लागते, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो. स्वालबार्डहून परतताना आपण शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करतो, म्हणून तो किमान दोन प्रवेशांचा असावा लागतो. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर जाताना कोणी अडवेलच असे नाही, येताना मात्र दार बंद असेल. जाता जाता सांगतो, त्या करारावर ब्रिटनने भारताच्या वतीनेही सही केली होती, त्यामुळे आपला या बेटांशी कागदोपत्री संबंध शंभर वर्षांहून जुना आहे.

घड्याळाची काळजी नको, दोन्ही ठिकाणी एकच वेळ आहे आणि हिवाळ्यात ती भारताच्या साडेचार तास मागे असते. सूर्याचे मात्र तसे नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रोम्सोला दुपारी सूर्य क्षितिजापासून चारेक अंश वर येतो, तर लाँगइयरब्येनला तो ऑक्टोबरच्या अखेरीपासून उगवलेलाच नसतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवणार नसतो. भाची दुपारच्या विमानात असेल तर तिला शेपटीकडच्या बाजूला सूर्य हळूहळू बुडताना दिसेल. तो पश्चिमेला न मावळता दक्षिणेलाच मावळतो, कारण त्याच्यापासून दूर जात असते ते विमान. मी तीन वेळा हा प्रवास केला आहे आणि तिन्ही वेळा पुस्तक मिटून खिडकीला नाक लावून बसलो आहे.

प्रतिसाद : सडा-वास्को

आता शेवटच्या टप्प्याविषयी. मी गोव्यात वास्कोला राहतो. ध्रुवीय व महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आमच्याच हेडलँड सड्यावर आहे आणि 'हिमाद्री'चे कामकाज तीच पाहते. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम ऑगस्ट २००७ मध्ये गेली, केंद्राचे उद्घाटन १ जुलै २००८ रोजी झाले आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही आपली माणसे तिथे जाऊ लागली. तांत्रिक कामासाठी मलाही एकदा जाण्याची संधी मिळाली होती.

लाँगइयरब्येन ते नी-ओलेसुंड हे अंतर फक्त ११० किलोमीटरांच्या आसपास आहे आणि विमान सुमारे पंचवीस मिनिटांत पोहोचते. विमान डॉर्निअर २२८ जातीचे, दोन पंख्यांचे, जास्तीत जास्त एकोणीस आसनांचे असते. याच जातीची विमाने आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स तयार करते, हे कळल्यावर मला उगाचच घरच्यासारखे वाटले होते. या विमानाचे तिकीट बाजारात मिळत नाही. नी-ओलेसुंड ही वस्ती चालवणाऱ्या किंग्ज बे या सरकारी कंपनीमार्फत, कामासाठी जाणाऱ्यांनाच त्यात जागा मिळते. सामानाच्या वजनाची मर्यादा कडक आहे आणि विमान आठवड्यातील ठरावीक दिवशीच असते.

म्हणून आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: त्याच दिवशी दुपारचे विमान धरू नये. माझ्या वेळी आमचे मोठे विमान लाँगइयरब्येनच्या वर येऊन दोनदा घिरट्या घालून ट्रोम्सोला परतले. दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा छोटे विमान निघून गेले होते आणि पुढच्या विमानासाठी तीन दिवस लाँगइयरब्येनला काढावे लागले. त्यात उपकरणांची एक पेटी मागे राहिली, ती आणखी दोन दिवसांनी आली. यात कोणाचा दोष होता असे नाही, धुके धुक्यासारखे वागले. पण आम्ही मधे एक मोकळा दिवस ठेवला असता तर निदान विमान चुकले नसते. त्या दिवशी करायला पुष्कळ आहे. विमानतळाबाहेर जगातील शहरांची अंतरे लिहिलेला खांब आहे, तिथे कृष्णाकाठ यांच्या वतीने ट्रोम्सोचा आकडा भाचीने जरूर पाहावा. वरच्या डोंगरात २००८ साली सुरू झालेल्या जागतिक बियाणे भांडाराचे दार दिसते. गावाबाहेर एकटीने फिरायला मात्र जाऊ नये, पांढऱ्या अस्वलांचा धोका खरा आहे.

आणि तिच्या आईसाठी एक गोष्ट. नी-ओलेसुंडला क्वेझारांकडून, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांकडून, येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारे केंद्र आहे, त्याला अडथळा होऊ नये म्हणून वस्तीत वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. विमानात बंद केलेला भ्रमणध्वनी उतरल्यावरही तसाच ठेवायचा असतो. तिथे तारेने जोडलेले इंटरनेट आहे, त्यामुळे रात्री खोलीत जाऊन ती संदेश पाठवू शकेल. दुपारभर निरोप आला नाही म्हणून घाबरून जाऊ नये. आमच्या घरच्यांनी त्या दिवशी गोव्यातल्या कार्यालयात सात वेळा दूरध्वनी केला होता.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार मानतो. भाचीशी काल रात्री बोललो. लाँगइयरब्येनला दोन रात्री मुक्काम करायचे तिने मान्य केले आणि छोट्या विमानाची जागा त्यानंतरच्या फेरीत बदलून मागितली आहे. ट्रोम्सोचे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत, तेवढे बरे झाले.

मग 'उत्तरेचा वारा' यांच्या सांगण्यावरून तिला पारपत्र उघडून व्हिसावरील प्रवेशसंख्येचा रकाना वाचायला लावले. त्यात ०१ असे छापलेले निघाले. निघायला अजून पाच आठवडे आहेत. आज सकाळीच ती कागदपत्रे घेऊन व्हिसा केंद्रात गेली आहे.